ठाणे-नवी मुंबईतील घरची बाग आणि हिरवळ : मेअखेरपासून मेअखेरपर्यंतची निगा

नेरूळला राहायला आलो त्या वर्षी घरापुढच्या साधारण २० चौरस मीटर जागेत आम्ही एका ठेकेदाराकडून हिरवळ अंथरून घेतली. मे महिन्यात ती गालिच्यासारखी दिसत होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर पिवळे डाग पडू लागले आणि ऑगस्टमध्ये पाय ठेवला की पचपच आवाज होऊन चपलेभोवती काळपट पाणी वर येऊ लागले. खुरप्याने एक चौकोन कापून उचलला, तेव्हा कारण समोरच दिसले. वरची लाल माती जेमतेम चार बोटे जाड होती, तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा चोपून बसवलेला होता आणि दोहोंच्या सांध्यावर कुजक्या अंड्यासारख्या वासाचे पाणी साचलेले होते. गवताची मुळे त्या सांध्यापर्यंत पोहोचून तिथेच तपकिरी पडली होती आणि बोटाने ओढताच त्यांची साल सुटून हातात येत होती.

त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत माझे एक मत पक्के होत गेले आहे : आपल्या पट्ट्यात घरच्या बागा उन्हाने मरतात त्याहून कितीतरी अधिक साचलेल्या पाण्याने मरतात. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो, आणि या चार महिन्यांत ठाणे-नवी मुंबईवर २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणे येथे अजिबात नवलाचे नाही. १०० मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर १०० लिटर, म्हणजेच आमच्या त्या छोट्याशा हिरवळीवर एका दिवसात २००० लिटर, घरावरच्या टाकीपेक्षा जास्त पाणी ओतले गेले. हे पाणी कुठून आणि किती वेळात बाहेर जाणार, याचा विचार ज्याने मे महिन्यात केला त्याची बाग सप्टेंबरमध्ये उभी असते. म्हणूनच बागेच्या कामांचे वर्ष मी जानेवारीपासून न मोजता मेअखेरपासून मोजतो आणि पुढील माहितीही त्याच क्रमाने दिली आहे.

आधी जमीन ओळखावी

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तिने वसवलेल्या नवी मुंबईचा खाडीकडचा बराच भाग खाजणे (भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीच्या जागा) आणि सखल भातखाचरे यांवर मुरमाचा भराव टाकून तयार झाला आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरच्या खाडीलगतच्या सेक्टरांमध्ये दोन-तीन फूट खणले की काळी, चिकट आणि खारट माती लागते. येऊरच्या पायथ्याशी आणि पारसिकच्या उतारांवर याच्या अगदी उलट परिस्थिती असते, म्हणजे वर वीतभर लाल मुरमाड माती आणि खाली कातळ. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या संकुलांमध्ये तर बाग जमिनीवर नसतेच. वाहनतळाच्या छतावर दीड-दोन फूट माती टाकून ती केलेली असते. तेथे पाणी खाली मुरत नाही, ते स्लॅबवरून नळीपर्यंतच जाऊ शकते, आणि नळीचे तोंड मातीने बुजले की संपूर्ण बाग परातीसारखी भरते.

आपली जमीन कोणत्या प्रकारची आहे, हे पाहण्यासाठी मे महिन्यात ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा एक खड्डा घ्यावा, तो पाण्याने काठोकाठ भरावा, ते पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि घड्याळ पाहावे. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत उतरले तर निचरा चांगला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसेच दिसले, तर त्या जागी कितीही महाग गवत लावले तरी ते टिकणार नाही. अशा ठिकाणी माती बदलण्यात पैसे घालण्यापूर्वी उंची वाढवावी. जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटर उंच वाफे करावेत आणि हिरवळीला घरापासून बाहेरच्या बाजूस दर ३ मीटरला ३ ते ६ सेंटिमीटर उतार द्यावा. हा उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्याला तो पुरतो.

खाऱ्या जमिनीची खूण पानांवर दिसते. पानांच्या कडा आणि टोके जळल्यासारखी तपकिरी होतात आणि उन्हाळ्यात मातीच्या पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा येतो. कूपनलिकेचे पाणी घातले जाणाऱ्या कुंड्यांच्या बाहेरूनही हाच पापुद्रा फुटतो. या जमिनीत पावसाचे पाणी हाच उपाय आहे, कारण निचरा असेल तर चार महिन्यांचा पाऊस मीठ धुऊन खाली नेतो. मात्र निचरा नसेल तर मीठ जागचे हलत नाही. कोकण कृषी विद्यापीठाने खारजमिनींच्या प्रश्नासाठी पनवेलला स्वतंत्र संशोधन केंद्र चालवले आहे, यावरून हा प्रश्न या भागात किती जुना आणि मुळाशी गेलेला आहे ते कळते.

मेअखेर : मृगाच्या आधीचे दोन आठवडे

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. त्याआधी करायच्या कामांमध्ये सर्वांत पहिले काम गच्ची, बाल्कनी आणि अंगण येथील पाणी वाहून जाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याचे आहे. गच्चीवरच्या पावसाळी नळाच्या तोंडावर जाळी बसवावी आणि जाळीभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी, कारण पहिल्या जोरदार सरीत कुंड्यांमधून उडालेली माती व पाने नेमकी तिथे जाऊन बसतात. प्रत्येक कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी. कुंडीच्या बुडाचे छिद्र लोखंडी सळईने आतून बाहेर मोकळे करून पाहावे. वर्षभर एकाच जागी राहिलेल्या कुंड्यांमध्ये ते मुळांनीच बंद केलेले आढळते. अशी कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढले असता मुळांचा गुंडाळा कुंडीच्या आकाराचा झालेला दिसतो. बाहेरची एक-दीड बोट मुळे कात्रीने छाटून, नवी माती भरून रोप पुन्हा लावण्यास हीच वेळ सर्वांत चांगली आहे, कारण दमट हवेत रोप आठवड्याभरात सावरते.

कुंडीच्या मातीसाठी मी दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे प्रमाण ठेवतो व दर दहा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळतो. पावसाच्या थेट माऱ्यात राहणाऱ्या कुंड्यांसाठी कोकोपीटऐवजी तांदळाचा तूस किंवा जाड रेती घ्यावी, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि जुलैत तोच गुण दोष ठरतो. गच्चीवर मोठे वाफे करणाऱ्यांनी ओल्या मातीच्या वजनाचा हिशेब आधी करावा. एक घनफूट भिजलेली माती ४५ ते ५० किलो भरते, त्यामुळे सोसायटीच्या जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय हे धाडस करू नये.

हिरवळीसाठी मेअखेरचे मुख्य काम भोके पाडण्याचे आहे. बागेचा काटा असेल तर उत्तम, नसेल तर बोटभर जाडीची टोकदार सळई घ्यावी आणि ८ ते १० सेंटिमीटर खोल भोके दर वितीच्या अंतरावर पाडत जावे. नंतर जाड वाळू पसरून खराट्याने ती भोकांमध्ये झाडून घालावी. वाळू खाडीची नसावी, हे मी आग्रहाने सांगतो. दगडी चुरा वापरायचा असेल तर चाळून त्यातील बारीक पूड काढून टाकावी, अन्यथा ती पूड सिमेंटप्रमाणे भोके लिंपून टाकते. आमच्या हिरवळीखालचा राडारोडा आम्ही पुढच्या मे महिन्यात तिकावाने खणून काढला. आठ मजुरी दिवस लागले आणि घमेल्यांनी भरलेला तो ढीग पाहून घरातील सर्वच थक्क झाले, पण त्यानंतर तेथे पाणी थांबलेले नाही.

घरापुढच्या मोठ्या झाडांच्या फांद्या कमी करायच्या असतील तर तयारी एप्रिलमध्येच सुरू करावी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे. त्यामुळे महापालिकेच्या वृक्ष विभागाकडे अर्ज करूनच छाटणी करावी. वाऱ्याने मोडणाऱ्या वाळक्या फांद्यांबाबतही ही परवानगी हातात असलेली बरी.

लावणीच्या दृष्टीने हा काळ हळद, आले, सुरण आणि अळूचा आहे. दोन-तीन डोळे असलेले हळदीचे कंद मेअखेरीस दोन इंच खोल पुरले की जानेवारी-फेब्रुवारीत पाने पिवळी पडून काढणीला येतात, आणि मधल्या काळात नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी घरचीच पाने मिळतात. काकडी, पडवळ, दोडका, कारले यांच्या बिया पहिल्या एक-दोन सरी पडून माती भिजल्यावर टोकाव्यात. मांडव मात्र आधी उभारावा, कारण वेल एकदा जमिनीवर पसरून गुंतला की नंतर वर चढवताना तो हमखास मोडतो.

पावसाळा

पावसाळ्यात झाड कोमेजले आणि माती ओली आहे, अशी स्थिती दिसली तर त्या झाडाला पाणी घालू नये. हे वाक्य अनावश्यक वाटेल, परंतु याच क्षणी सर्वाधिक चुका होतात. मातीतील पोकळ्यांमध्ये जोवर हवा असते तोवर मूळ श्वास घेते. त्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरते, पाणी वर चढवण्याचे काम थांबते आणि भर पावसात पाने तहानलेल्या झाडासारखी लोंबू लागतात. अशी कुंडी पावसाच्या माऱ्यातून काढून छपराखाली तिरकी ठेवावी, वरची माती खुरप्याने हलकी करावी आणि आठवडाभर तिला काहीही घालू नये. काळी पडलेली मुळे दिसली तर ती छाटून रोप कोरड्या मातीत हलवावे.

याउलट स्लॅबखालच्या बाल्कनीत ठेवलेल्या आणि खिडकीच्या ग्रिलवर टांगलेल्या कुंड्यांवर बाहेर कितीही पाऊस कोसळत असला तरी थेंबही पडत नाही, शिवाय नैऋत्येचा जोरदार वारा त्यांना वाळवत राहतो. म्हणून बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि मगच पाणी घालायचे की नाही ते ठरवावे. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या टांगत्या कुंड्या जून-जुलैत खाली उतरवून ठेवाव्यात. उंच मजल्यावरून कुंडी पडणे हा बागेचा नव्हे, तर खालून जाणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

खताबाबत पावसाळ्यात हात आखडता ठेवावा. पाण्याबरोबर नत्र वाहून जाते, त्यामुळे जुनी पाने आधी फिकट पिवळी होतात. हे दिसले की संततधार थांबल्यावर आणि दोन-तीन दिवसांची उघडीप असताना थोडेसे खत द्यावे. हिरवळीला दर चौरस मीटरला १० ग्रॅमहून अधिक युरिया एका वेळी कधीही टाकू नये, आणि टाकल्यावर लगेच पाणी द्यावे. अन्यथा दाणा जिथे पडला तिथे पाते जळून ठिपका उठतो. कुंड्यांसाठी मूठभर गांडूळखत महिन्यातून एकदा पुरेसे होते.

गवत या दिवसांत झपाट्याने वाढते. आठ-दहा दिवसांनी कापावेच लागते, पण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. हरळीच्या जातींची उंची एरवी ३ सेंटिमीटरच्या आसपास ठेवली तर पावसाळ्यात ती ४ पर्यंत वाढू द्यावी, कारण ढगाळ हवेत कमी प्रकाशावर गुजराण करायला गवताला जास्त पाते लागते. ओले गवत कापू नये; यंत्राची चाके चिखलात चर पाडतात आणि बोथट पाते गवत कापण्याऐवजी फाडते. फाटलेल्या टोकांतून बुरशी शिरते आणि ताटलीएवढी तपकिरी वर्तुळे उमटतात. अशी वर्तुळे दिसली की त्या भागावर पाय देणे थांबवावे, कापलेले गवत तेथून गोळा करावे, पुन्हा काट्याने भोके पाडावीत. हिरवळीत उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांची मात्र काळजी करू नये. त्या खालच्या कुजणाऱ्या लाकडावर वाढतात, गवताला त्यांचा उपद्रव नाही. लहान मुले असतील तर त्या उपटून टाकाव्यात इतकेच.

तणांमध्ये खरा शत्रू लव्हाळा आहे. केना, आघाडा, टाकळा ही तणे पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीतून मुळासकट निघतात, पण लव्हाळ्याच्या जमिनीखाली मण्यांसारख्या गाठींची माळ असते. वरून उपटले की माळ तुटते आणि मागे राहिलेली प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. त्यामुळे तो वाढला असे वाटून लोक निराश होतात. रुंद खुरप्याने १५ ते २० सेंटिमीटर खोलवर जाऊन माती उलटावी, माती बोटांनी फोडून काळ्या गाठी वेचाव्यात आणि त्या खतखड्ड्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्याव्यात. पहिल्या वर्षी हे काम तीनदा करावे लागते. दुसऱ्या वर्षी एकदा पुरते.

रात्री रोपे शेंड्यापासून खाल्ली जात असतील आणि भिंतीवर चकचकीत रेघा दिसत असतील तर त्या गोगलगायी आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरावे. सकाळी त्याखाली त्या जमलेल्या सापडतात. त्या उघड्या हाताने उचलू नयेत, हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. पुष्कळ जण मीठ थेट वाफ्यावर टाकतात. खाडीकाठच्या, आधीच खाऱ्या असलेल्या जमिनीत मीठ टाकणे म्हणजे गोगलगायीसाठी बाग मारणे आहे.

कढीपत्ता आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि काडीने डिवचली तर डोक्यामागून दोन लालसर शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. ही फुलपाखराची अळी आहे. झाड पुरुषभर उंच असेल तर तिला पाने खुशाल खाऊ द्यावीत, त्याने झाडाचे काही बिघडत नाही. वीतभर रोपावर असेल तर पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. फवारणीची घाई करू नये.

बुरशीजन्य करप्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण आजही सर्वांत भरवशाचे आहे. १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून, दोन्ही द्रावणे प्लॅस्टिकच्या भांड्यात एकत्र ओतावीत. घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवून काढावा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पालेभाज्यांवर ते फवारू नये आणि उघडीप नसेल तर कशावरच फवारू नये, कारण तासाभरात ते धुऊन जाते.

कुंडीखालच्या बशा जूनमध्येच काढून ठेवाव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून पूर्ण डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. ज्या बशा ठेवणे भागच आहे त्या आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी नुसत्या ओतून न देता काथ्याने घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या मध्यास बी पेरावे. चार-पाच दिवसांत ते उगवते, तीन-चार आठवड्यांनी रोप हलवता येते आणि पेरणीपासून दोन महिन्यांच्या आसपास पहिली फुले येतात. रोपवाटिका मात्र छपराखाली ठेवावी, कारण जुलैतील एक सर कोवळी रोपे झोडपून भुईसपाट करते.

ऑक्टोबर

पाऊस गेला की आठ दिवसांत ऊन असे तापते की चार महिने भिजलेली माती वरून दगडासारखी होते आणि शेवाळाचा थर वाळून तिच्यावर झाकण बसते. हे झाकण खरवडून काढावे, दोन बोटे माती हलवावी आणि तितकेच शेणखत वर घालावे. नवी हिरवळ लावायची असेल तर जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दोनच काळ मी सुचवीन, आणि त्यांतही ज्यांच्या जमिनीचा निचरा अजून सिद्ध झालेला नाही त्यांनी दुसराच निवडावा. नर्सरीत सिलेक्शन वन या नावाने मिळणारे हरळीवर्गीय गवत तुडवणे सोसते, पण त्याला रोज सहा तास ऊन हवे. मेक्सिकन म्हणून मिळणारे बारीक पात्याचे गवत सावकाश पसरते आणि कमी वेळा कापावे लागते. खारट जमिनीला पास्पालम मानवते. दोन इमारतींच्या मधल्या सावलीत यांपैकी कोणतेही लावू नये. तेथे मंकी ग्रास, नेचे किंवा सिंगोनियम लावून समाधान मानावे. दरवर्षी गवताचे नवे तुकडे विकत घेऊन त्याच सावलीत मारणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्यांचे वाईट वाटते.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा, आतल्या बाजूला वाढलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढून टाकाव्यात आणि कापांना बोर्डोची पेस्ट लावावी. साधारण ४५ दिवसांत फुले येतात. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर याच महिन्यात पेरून घ्यावीत. धणे चपलेखाली हलके रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करून पेरावेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच आपल्याकडे थंडी म्हणण्यासारखी हवा असते, त्यामुळे पेरणीला उशीर झाला की कोथिंबीर पानांऐवजी फुलांवर जाते.

थंडीचे तीन महिने

हिवाळ्यात बागेला फारसे काही लागत नाही. पाणी सकाळी, एक दिवसाआड द्यावे. भोपळावर्गीय वेलींवर आणि गुलाबावर पिठासारखी भुरी आली तर ती पाने तोडावीत. जास्वंदीच्या शेंड्यांत पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसू लागला की पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन, एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी धुण्याच्या द्रवाचे चार थेंब चांगले घुसळून संध्याकाळी फवारावे व आठवड्याने पुन्हा फवारावे. रस्त्यांची आणि इमारतींची कामे चालू असलेल्या भागांत पानांवर धुळीचा करडा थर बसतो. त्याने प्रकाश अडतो आणि कोळी या बारीक किडीलाही आसरा मिळतो, म्हणून आठवड्यातून एकदा पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत.

मोगऱ्याचे काम मात्र विसरू नये. ठाण्याला नौपाड्यात राहत असताना शेजारच्या काकूंनी पौषात त्यांच्या मोगऱ्याची सगळी पाने ओरबाडून काढलेली पाहून मी हळहळलो होतो. त्यांनी शांतपणे सांगितले, “अरे, याला आता उपाशी ठेवायचं. चैत्रात बघ.” त्या पद्धतीत तथ्य आहे. डिसेंबरअखेरीस पाणी तोडावे, दोन आठवड्यांनी पाने काढून काड्या निम्म्याने छाटाव्यात, बुंध्याजवळची माती उकरून मुळांना चार दिवस ऊन दाखवावे, मग शेणखत भरून पाणी सुरू करावे. नव्या फुटीच्या शेंड्यांवरच कळ्या येतात, म्हणून जितके फुटवे जास्त तितकी फुले जास्त. चैत्रात त्या काकूंच्या कुंडीतून रोज ओंजळभर फुले निघत असत.

उन्हाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, पिंपळ आणि पर्जन्यवृक्ष पाने ढाळतात. ही पाने जाळण्यास नियमांनी मनाई आहे आणि जाळणे हा अपव्ययही आहे. तीन इंच जाड पालापाचोळा कुंड्यांत आणि वाफ्यांत अंथरला की पाण्याची गरज स्पष्टपणे कमी होते; बुंध्याभोवती चार बोटे जागा तेवढी मोकळी सोडावी. उरलेला पाला जाळीच्या पिंपात दाबून, शेणपाणी शिंपडून ठेवावा. पावसाळा संपता संपता त्याचे खत होते.

हिरवळीला रोज थोडे पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्यावे. दर चौरस मीटरला आठवड्याला २५ लिटर हे प्रमाण धरावे आणि ते पहाटे घालावे. गवताची उंची ५ सेंटिमीटरपर्यंत वाढू द्यावी, खत बंद ठेवावे. मेमध्ये पाणीकपात लागू झाली तर हरळीची चिंता सोडावी, ती तपकिरी होऊन निजते आणि पहिल्या पावसात जमिनीखालच्या खोडांतून उठते. वाचलेले पाणी फळझाडांना व कुंड्यांना द्यावे. वातानुकूलन यंत्राचे पाणी झाडांना चालते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असल्याने ते निम्मे साधे पाणी मिसळून, तेही सहनशील झाडांनाच घालावे. पश्चिमेच्या बाल्कनीला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी आणि पानांच्या मागे तांबूस ठिपके व बारीक जाळे दिसले तर तो लाल कोळी समजून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन दिवस सलग धुवावे.

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी सगळ्या कुंड्या उत्तर-पूर्वेच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. मोठ्या कुंडीत न रंगवलेले, बुडाला छिद्र नसलेले छोटे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकणी ठेवावी. लहान कुंड्यांसाठी बादली उंचावर ठेवून तिच्यातून जाड सुती वातीचे एक टोक पाण्यात आणि दुसरे मातीत खोचावे. निघण्यापूर्वी तीन दिवस ही व्यवस्था घरी असतानाच चालवून पाहावी, म्हणजे कोणती वात ओढत नाही ते कळते. परतीचे तिकीट मेच्या शेवटच्या आठवड्याआधीचे काढावे, कारण वळवाची पहिली सर कोसळण्याआधी गच्चीवरच्या नळाची जाळी साफ झालेली असावी लागते.